शर्यतीचा बैल आणि आपले शील



शहापूर-मुरबाडकडच्या आपल्या वस्त्यांतून हल्ली एक प्रश्न वारंवार विचारला जातो. दीक्षा घेतली, देव्हारे उतरवले, कोंबड्या-बकऱ्याचा बळी बंद केला, लग्ने बौद्ध पद्धतीने लावू लागलो. पण गावच्या माळावर बैलगाड्यांच्या शर्यती भरल्या म्हणजे काय करावे? पाहायला जावे की नाही? मुलाने शंभर-दोनशेची पैज लावली तर ती गंमत की जुगार? आणि हाती चार पैसे आले म्हणून आपल्यापैकी कोणी शर्यतीचा बैल बाळगायचे ठरवले, तर त्याच्या शीलाला बाध येतो काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धम्म विहारातल्या वंदनेपुरता नसतो. पौर्णिमेला पंचशील म्हणणारा माणूस जत्रेच्या दिवशी कसा वागतो, यावरूनच त्याचा धम्म ओळखला जातो. तेव्हा 'बौद्धाला हे चालत नाही' असे एका वाक्यात सांगून मोकळे होणे बरे नव्हे. आपण फतवा मानणारे लोक नाही. कारणे तपासून पाहू आणि मगच ठरवू.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी अधिसूचना काढली आणि ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत, अशांच्या यादीत बैलाचा समावेश केला. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत या दोहोंना मनाई केली. बैल हे ओझे ओढणारे जनावर आहे, त्याची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, आणि त्याला भय व वेदना दिल्याशिवाय तो असा धावत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून शर्यतीला वाट करून दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती अडवली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यती भरविण्यास परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे दुरुस्ती कायदे वैध ठरवले. म्हणजे आज शर्यत कायदेशीर आहे. मात्र त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाची तपासणी लागते, धाव एक हजार मीटरांहून अधिक असता कामा नये, आणि काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांना मनाई आहे. अटी मोडणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

या अटींची यादी नीट वाचा. कायद्याने विजेच्या झटक्याला नाव घेऊन मनाई करावी लागते, याचा अर्थ काय? जे कोणी करतच नाही, त्याला मनाई करण्याची गरज पडत नसते.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, नांगरालाही बैलच जुंपतो. तिथेही पराणी असते, तिथेही शेपटी पिरगळतात. मग नांगर चालतो आणि शर्यत का चालत नाही?" हा आक्षेप बिनतोड वाटतो. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना एक महत्त्वाचा भेद दाखवला आहे. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी. भगवान बुद्धाने अहिंसेला आंधळा नियम केले नाही. माणसाने बुद्धी वापरून गरज कोणती आणि इच्छा कोणती हे ओळखावे, अशी त्यांची अपेक्षा होती. हाच भेद जनावराला त्रास देण्याच्या बाबतीत लावून पाहा. भाताच्या खाचरात चिखलणी करायची आहे, पाऊस निघून चालला आहे, घरात खाणारी सहा तोंडे आहेत, तेव्हा बैलाला जुंपणे ही गरज आहे. त्याला विनाकारण मारणे तिथेही वाईटच. पण शेतकऱ्याचे आणि बैलाचे हित तिथे फारसे एकमेकांविरुद्ध नसते. बैल थकला, लंगडला, तर नांगर थांबतो आणि नुकसान शेतकऱ्याचेच होते. म्हणून शहाणा शेतकरी त्याच्या चालीने चालतो, दुपारी सोडतो, पाणी पाजतो.

शर्यतीत हे हित उलटे होते. तिथे बैलाचा दिवसभराचा उपयोग नाही, काही सेकंदांचा आहे. त्या सेकंदांत त्याच्या अंगातली शेवटची ताकद बाहेर काढली तरच मालकाचा लाभ. बैल हा स्वभावाने रवंथ करणारा शांत प्राणी. तो आनंदाने बेफाम पळत नाही, भ्याला म्हणजे पळतो. तेव्हा जो त्याला अधिक भिववील तो जिंकणार. यात वाईट मनाचाच माणूस वाईट वागतो असे नव्हे. खेळाची रचनाच अशी आहे की भल्या मनाचा माणूसही अखेरच्या शंभर हातांत वाईट वागावा. ज्या कामात चांगले राहण्याची किंमत हार ही असते, त्या कामाला आपण सम्यक म्हणू शकतो काय?

याच जातीचा दुसरा खेळ परदेशांत शंभर वर्षे चालला. त्याचा शेवट कसा झाला हे पाहणे आपल्याला उपयोगी आहे. ग्रेहाऊंड नावाचा लांब पायांचा, अतिवेगवान कुत्रा असतो. १९१९ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ओवेन स्मिथ नावाच्या गृहस्थाने या कुत्र्यांपुढे पळणारा यांत्रिक ससा बसवून गोल मैदानात शर्यती सुरू केल्या. १९२६ साली इंग्लंडात मँचेस्टरला हाच प्रकार आला आणि पाहता पाहता गिरणी कामगारांचा संध्याकाळचा नाद झाला. कुत्रा सशामागे धावतो. ससा खोटा असतो, तो कधीच हाती लागत नाही. आणि कठड्याबाहेर उभा असलेला कामगार आठवड्याची मजुरी हाती धरून नशिबामागे धावतो. तेही बहुधा हाती लागत नाही. दोघांच्या धावण्यावर पैसा करणारा तिसराच.

या उद्योगात हरणाऱ्या कुत्र्यांचे काय झाले? ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्याने चौकशी आयोग नेमला. त्याने २०१६ साली दिलेल्या अहवालात म्हटले की, मागील बारा वर्षांत किमान ४८ हजार आणि कदाचित ६८ हजारांपर्यंत कुत्री केवळ पुरेशी वेगवान नाहीत म्हणून मारली गेली. ती आजारी नव्हती, माणसाला चावलीही नव्हती. ती फक्त हळू होती. त्या राज्याच्या सरकारने शर्यती बंद करण्याचे जाहीर केले आणि उद्योगाच्या दडपणाखाली काही महिन्यांतच माघार घेतली. पण अमेरिकेत फ्लोरिडा राज्याच्या मतदारांनी २०१८ साली मतदान करून हा खेळ बंद केला, मकावचे प्रसिद्ध मैदान त्याच वर्षी बंद पडले, आणि न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये तो थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. ही राष्ट्रे बौद्ध नाहीत. तेथील सामान्य माणसाच्या विवेकालाच शेवटी हे सोसवेना.

आपल्याकडे बैलाची गोष्ट अगदी तशी नाही, हे मान्य केले पाहिजे. शर्यतीचा मालक बैलाला पोटच्या मुलासारखा वाढवतो, स्वतः कोरडी भाकर खाऊन त्याला दूध-अंडी घालतो, हे मी पाहिले आहे. ते प्रेम खोटे नाही. पण प्रेमाची परीक्षा बैल जिंकतो तेव्हा होत नाही, हरू लागतो तेव्हा होते. जिंकणाऱ्या बैलाची लाखांत बोली लागते, त्याच्या नावाचे फलक लागतात. हरलेल्याला विचारतो कोण? तो दावणीवरून बाजारात आणि बाजारातून दुसऱ्या दावणीला जातो. ज्या प्रेमाला वेगाची अट आहे, त्या प्रेमाला मैत्री म्हणत नाहीत. भगवंतांनी शिकवलेली मैत्री वेगवान आणि मंद असा भेद करीत नाही.

"शर्यतीमुळेच खिल्लार जात टिकली, नाहीतर ट्रॅक्टरने बैल केव्हाच संपवला असता," असा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यात काही तथ्य आहे. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आल्यापासून बैलाची किंमत घसरली, आणि शर्यतीच्या हौसेने खिल्लाराला गिऱ्हाईक मिळाले. पण आपल्या भागाचा बैल कोणता? शहापूर, अकोले, इगतपुरीच्या डोंगरपट्ट्यातला डांगी. धो धो पावसात, चिखलात उभा राहून काम करणारा, तेलकट कातडीचा, टणक खुरांचा. शर्यतीच्या पैशाने डांगीला काय दिले? मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते, तिथला गुरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. तिथे जाऊन पाहा, कोणत्या बैलाभोवती गर्दी असते आणि कोणता बैल मालकासह मुकाट उभा असतो. जात टिकवायची तर चारा, दवाखाना आणि चांगला वळू पुरवून टिकवता येते. त्यासाठी बैलाला भिववण्याची आवश्यकता नाही.

आता पैशाकडे वळू. आपल्या ठाणे-रायगड भागात बिनजोड शर्यतीचा प्रकार आहे. दोन छकडे, दोन मालक, समोरासमोर आव्हान. बाहेर जमलेल्यांच्या पैजा त्यावर. इथे खेळ आणि जुगार यांच्यामधली भिंत फार पातळ असते.

सिगालोवाद सुत्त हे गृहस्थाचे विनयसूत्र मानले जाते. त्यात भगवंतांनी राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुणाला जुगाराचे सहा तोटे सांगितले. जिंकणारा वैर जोडतो. हरणारा शोक करतो. जवळचे धन जाते. सभेत त्याच्या शब्दाला वजन राहत नाही. मित्र त्याला हलका लेखतात. आणि बायको पोसू शकणार नाही म्हणून त्याला कोणी मुलगी देत नाही. पाहा, यात नरकाची धमकी नाही, देवाचा कोप नाही. सहाच्या सहा गोष्टी याच जन्मातल्या, तुम्ही आम्ही रोज पाहतो त्या.

पहिला तोटा पाहा. २०२२ च्या नोव्हेंबरात आपल्याच जिल्ह्यात, अंबरनाथला, बैलगाडा शर्यतीच्या वादातून दोन गटांत भर रस्त्यात गोळीबार झाला. बैलांचे एकमेकांशी वैर नव्हते. वैर होते ते गाडीच्या मागच्यांचे. तिसरा तोटा पाहा. वीटभट्टीवर किंवा गोदामात आठवडाभर राबून आणलेली मजुरी माळावर एका दुपारी जाते आणि सोमवारी मुलाची वही उधार मागावी लागते. वर्गात बसणारा शिक्षक हा हिशेब न विचारता ओळखतो. आणि चौथा तोटा आपल्या समाजाला सर्वांत महाग पडणारा आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या शब्दाला गावसभेत किंमत नव्हती, त्यांनी शिक्षणाने आणि संघटनेने ती किंमत मिळवली. ती पैजेवर लावण्याचा अधिकार आपल्यातल्या एकट्यादुकट्याला नाही.

यात सरकारचा न्यायही पाहण्यासारखा आहे. मुंबईचा जुगारबंदी कायदा १८८७ सालचा. त्याने गल्लीतला जुगार गुन्हा ठरवला, पण ठरावीक रेसकोर्सवरील घोड्यांच्या पैजेला सूट ठेवली. महालक्ष्मीचे मैदान १८८३ पासूनचे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीवरील पैज हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. म्हणजे कोट घातलेल्याची पैज कौशल्य, आणि आकड्यावर दहा रुपये लावणारा गुन्हेगार. मोबाइलवर पैसे लावायला लावणाऱ्या खेळांनी घरेच्या घरे बुडाल्यावर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना बंदी करणारा कायदा केला. कायदा असा मागून येतो आणि माणूस पाहून वळतो. म्हणून 'कायद्याने चालते' हे उत्तर बौद्ध माणसाला पुरेसे नाही. कायदा शिक्षेपासून वाचवतो, शील अधःपातापासून वाचवते. शिवाय ज्या संविधानाचा आपण अभिमान बाळगतो, त्याच्या ५१-क या अनुच्छेदात प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवरील दयेची प्रतिज्ञा आहे. ती आपण हात जोडून उच्चारली आहे.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. आपल्यातले काही तरुण म्हणतात, "पूर्वी आमच्या आजोबांना या माळाच्या कडेलाही उभे राहू देत नव्हते. आज आमचा छकडा पाटलाच्या छकड्याशेजारी धावतो. ही समता नव्हे काय? आणि आता आम्हाला संधी मिळाली तेव्हाच तुम्ही शील सांगता?"

या बोलण्यातली जखम खरी आहे. तिची थट्टा करणाऱ्याला आपला इतिहास माहीत नाही. कोणी जातीमुळे आपल्याला माळावरून हाकलले तर त्याविरुद्ध उभे राहिलेच पाहिजे. तो हक्काचा प्रश्न आहे. पण हक्क असणे आणि ते करणे हिताचे असणे, या दोन गोष्टी आहेत. गावचा बैल धावत होता तोवर तो त्यांचा होता. तो मेला की ओढून नेण्यासाठी आपल्या वाड्यात हाक येई. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले, तेव्हा त्यांनी ताज्या मांसात समान वाटा मागितला नाही. जी गोष्ट माणसाला हीन करते तिच्यात बरोबरी मागायची नसते, ती टाकायची असते. चवदार तळ्याचे पाणी मागितले, कारण पाणी माणसाला हवेच. समतेची ही दोन अंगे आहेत: जे हिताचे ते मिळवणे, आणि जे हीन ते सोडणे. शर्यत यांपैकी कोणत्या अंगात बसते, हे तरुणांनी स्वतःच ठरवावे.

आणि एक सांगतो. बैलाची बाजू घेणे हे आपल्याला परके नाही. अश्वघोषाच्या बुद्धचरितात तरुण सिद्धार्थ नांगरट पाहतो असा प्रसंग आहे. त्याला उन्हावाऱ्याने करपलेला नांगऱ्या दिसतो, दमलेले बैल दिसतात आणि फाळाखाली मेलेले किडेही दिसतात. तिघांचेही दुःख तो एकाच नजरेने पाहतो. ज्यांच्या पाठीवर दुसऱ्याच्या हौसेचे वळ उठले, त्यांनी मुक्याच्या पाठीवरचे वळ सर्वांत आधी ओळखायला हवेत.

"मी पैज लावीत नाही, फक्त पाहतो," असे म्हणणाऱ्या सज्जनांना एवढेच विचारावे: प्रेक्षक नसेल तर बक्षिसे कोण ठेवील? माळावर माणूसच नसेल तर बैल कोणासाठी भिववला जाईल? पाहणाऱ्याचा वाटा लहान असेल, पण तो शून्य नाही.

तरीही नुसते 'जाऊ नका' म्हणून भागणार नाही. जत्रेचा दिवस मुलांच्या आनंदाचा असतो. तो हिरावून घेतला तर मुले आपल्याकडे पाठ फिरवतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल. या बाबतीत सम्राट अशोकाने वाट दाखवली आहे, आणि ती आपल्याच मुलखात दगडावर कोरलेली सापडली. १८८२ साली सोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. सोपारा २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. त्या लेखात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे शिकारीच्या व मौजेच्या विहारयात्रा करीत. त्याने त्या सोडून धम्मयात्रा सुरू केल्या, आणि त्यात त्याला अधिक आनंद मिळाला. अशोकाने यात्रा बंद केली नाही, तिचा हेतू बदलला.

आपणही तेच करू शकतो. येत्या पौर्णिमेला वस्तीवर बैठक घ्या. जत्रेच्या दिवशी मुलामुलींच्या धावण्याच्या शर्यती ठेवा, कबड्डी ठेवा, बक्षीस म्हणून वह्या-पुस्तके द्या. तालुक्याच्या पशुवैद्यकाला विनंती करून गुरांच्या तपासणीचे शिबिर भरवा. गावच्या सर्व जातींच्या शेतकऱ्यांनी आपले डांगी बैल तिथे आणावेत, आणि सर्वांत निगा राखलेल्या बैलाच्या मालकाचा सत्कार करावा, मग तो मालक कोणत्याही आळीतला असो. पैजेत जाणारे पैसे एका डब्यात टाकायला सुरुवात करा. वर्षाअखेरीस तो डबा उघडा आणि त्यातून वस्तीतल्या किती मुलांची परीक्षा फी भरली गेली, ते मोजून पाहा.

जय भीम.